थांब्यांची मोजणी : प्रस्तावना

श्रावणातल्या शनिवारच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादेकडे माणसांची रांग लागते. भद्रा मारुतीला पायी जायचे आणि पहाटे दर्शन घ्यायचे, असा अनेकांचा नेम असतो. रस्ता साधारण २५ किलोमीटरचा. दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत पाय आपोआप पडतात. पुढे घाट लागतो आणि रांग विस्कटते. कुणी चहाला थांबतो, कुणी टाचेवरच्या फोडाला कापूस लावायला. या थांबणाऱ्यांत एक थांबणे मात्र वेगळे असते. पन्नाशी ओलांडलेला एखादा माणूस ठरावीक अंतर चालतो, त्याची पोटरी आवळून येते आणि तो उभा राहतो. दोन-तीन मिनिटांत दुखणे पूर्ण जाते. तो पुन्हा जवळपास तेवढेच अंतर चालतो आणि पुन्हा थांबतो. चढावर हे अंतर आणखी आखडते. विचारले तर म्हणतो, वय झाले.

वय झालेले असेलही, पण हे दुखणे वयाचे नाही. पायाला रक्त पुरवणारी रोहिणी आतून अरुंद झाली की बसल्या जागी पुरेसे रक्त पोचते, मात्र चालताना पोटरीच्या स्नायूला कित्येक पट जास्त रक्त लागते आणि ती मागणी भागत नाही. थांबले की मागणी उतरते आणि दुखणे जाते. गुडघ्याची झीज असेल तर उठताना, पहिल्या पावलालाच कळ येते. मणक्यात नस दबली असेल तर नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. एवढे तीन प्रश्न नीट विचारले तर यंत्राला हात लावण्याआधीच निदान बरेचसे झालेले असते. १८३१ साली फ्रान्समध्ये बूले या पशुवैद्याने हे लंगडणे घोड्यात ओळखले आणि १८५८ साली शार्को या डॉक्टरने ते माणसात दाखवून दिले. तेव्हा डॉप्लरही नव्हता आणि अँजिओग्राफीही नव्हती. चाल आणि थांबा पाहूनच रोग कळला होता.

हे पुस्तक रोगाच्या ओळखीपेक्षा पुढच्या प्रश्नाचे आहे. गोळ्या सुरू झाल्या, फुगा फिरवला, स्टेंट बसवला, मांडीतली शीर काढून बायपास केला; मग काय झाले? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात मिळते : नस उघडली. नातेवाइकांना पडद्यावरचे आधीचे आणि नंतरचे चित्र दाखवतात. आधी तुटलेली रेघ, नंतर सलग रेघ. ते चित्र खरे असते आणि त्यामागचे कौशल्यही खरे असते. पण पाटाला पाणी सोडले म्हणून शेवटचा वाफा भिजलाच असे होत नाही. मांडीतली मोठी वाहिनी उघडली आणि गुडघ्याखालच्या तिन्ही बंद असल्या, तर पावलावरची जखम तशीच राहू शकते. रुग्ण दवाखान्यात आला तो अंतर घेऊन किंवा जखम घेऊन. उपचाराचा हिशेब त्याला त्याच मापात परत मिळाला पाहिजे. या पुस्तकाचा सगळा आग्रह एवढाच आहे आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे.

परिणाम कोण सांगतो, यावरही बरेच अवलंबून असते. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. १७०० सालच्या ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपूरला त्याच्या छावणीत रात्री पूर घुसला. त्या धावपळीत बादशहाचा उजवा गुडघा निखळला. उपचार झाले, पण पाय पुरता बरा झाला नाही आणि थोडे लंगडणे अखेरपर्यंत राहिले. दरबाऱ्यांनी त्याचे सांत्वन केले ते असे, की हा तर तैमूरचा वारसा. तोही लंगडाच होता. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी हा प्रसंग नोंदवला आहे. तो रोहिणीचा विकार नव्हता, सांध्याची दुखापत होती. तरी उपचार करणाऱ्यांच्या किंवा खूश ठेवू पाहणाऱ्यांच्या तोंडून परिणाम ऐकला की तो कसा फिरतो, हे त्यातून दिसते. म्हणून परिणामाची मोजणी शक्यतो ऑपरेशन करणाऱ्याच्या हाती राहू नये. सिस्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षण घेतलेली आशाताई ती जास्त निःपक्षपणे करू शकते.

मोजायच्या पट्ट्या गेल्या सत्तर वर्षांत अनेक झाल्या. १९५४ साली फाँतेन या शल्यचिकित्सकाने चार पायऱ्या आखल्या : काही त्रास नाही; चालताना दुखते; बसल्या जागी किंवा रात्री दुखते; जखम किंवा गँगरीन. दुसऱ्या पायरीचे त्याने दोन भाग केले आणि मधली रेघ २०० मीटरवर ठेवली. पुढे अमेरिकन शल्यचिकित्सक रदरफोर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली अधिक बारीक वर्गवारी दिली व १९९७ साली ती सुधारली. तिच्यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे बदलाची मोजपट्टी : अधिक तीनपासून उणे तीनपर्यंत. त्रास संपला, जखम भरली आणि घोट्याचा दाब जवळपास पूर्ववत झाला, तरच अधिक तीन. नुसता दाब वाढला पण माणूस आहे त्याच पायरीवर राहिला, तर अधिक एक. खाली उणे आकडेही आहेत, ते विसरता कामा नये. उपचाराने माणूस बिघडूही शकतो हे मान्य करणारी मोजपट्टी आपल्या केसपेपरवर छापलेली असणे, हीच मोठी सुधारणा ठरेल.

आता घोट्याच्या दाबाविषयी, कारण ग्रामीण रुग्णालयात करता येईल अशी सर्वांत भक्कम मोजणी हीच आहे. रुग्णाला दहा मिनिटे उताणे झोपवावे. दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा दाब घ्यावा. घोट्याला स्टेथोस्कोप चालत नाही, खिशात मावणारा हँड-डॉप्लर लागतो. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे असे दोन ठिकाणी ऐकायचे, त्यांतला जास्त दाब घ्यायचा आणि त्याला दोन्ही दंडांपैकी जास्त दाबाने भागायचे. दंडाचा १४० आणि घोट्याचा ८४ आला तर भागाकार ०.६. निरोगी माणसात तो १ ते १.४ असतो, ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे पायाच्या रोहिण्यांचा विकार. एका पायाला पाच मिनिटेही लागत नाहीत. रंगीत डॉप्लरसाठी शहरातली तारीख मिळेपर्यंत वाट पाहण्याची गरज नसते.

पण हाच आकडा फसवतो, आणि तो नेमका आपल्या रुग्णांत फसवतो. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या आणि किडनीच्या रुग्णांच्या रोहिण्यांच्या भिंतीत चुना साठतो. पट्टा कितीही फुगवला तरी वाहिनी दबत नाही आणि भागाकार १.४ च्या वर जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटाच नॉर्मल दिसतो. अंगठा काळा पडू लागला आहे आणि कागदावर १.१ लिहिले आहे, असे होऊ शकते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधून दाब घ्यावा. तिथल्या वाहिन्यांत चुना सहसा साठत नाही. अंगठ्याचा दाब ३० च्या खाली असेल तर पाय धोक्यात आहे असे समजावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. तेव्हा अंगठ्याचा पट्टा ही चैन नव्हे. दुसरी सूचना : घोट्याचा भागाकार उपचाराआधी ०.५५ आणि नंतर ०.६२ आला तर आनंद करू नये. एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. ०.१५ किंवा त्याहून जास्त वाढ झाली तरच तो बदल खरा धरतात.

चालण्याची मोजणी हा या पुस्तकाचा गाभा आहे. मोठ्या संशोधनांत ती ट्रेडमिलवर करतात. गार्डनर आणि स्किनर यांची पद्धत १९९१ पासून रूढ आहे : वेग ताशी सुमारे ३.२ किलोमीटर, सुरुवात सपाटीवर, मग दर दोन मिनिटांनी चढ दोन टक्क्यांनी वाढवत न्यायचा. दुखणे कधी सुरू झाले आणि पुढे चालणे कधी अशक्य झाले, या दोन वेळा नोंदवायच्या. पद्धत चोख आहे, पण जन्मात सरकत्या पट्ट्यावर पाय न ठेवलेला सत्तरीचा शेतकरी दांडी घट्ट धरून ठेवतो, आणि मग त्याच्या पोटरीपेक्षा त्याची भीतीच जास्त मोजली जाते. त्यापेक्षा सहा मिनिटांची चाल बरी. ३० मीटरचा व्हरांडा, दोन टोकांना खुणा आणि हातात घड्याळ. थांबायला मुभा असते, पण घड्याळ थांबवायचे नाही. सहा मिनिटांत एकूण किती मीटर आणि किती थांबे, एवढे लिहायचे. तालुक्याच्या रुग्णालयात याला एक पैसाही लागत नाही.

कोणती पट्टी लावली यावर कोणता उपचार जिंकला हेही बदलते. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतला क्लेव्हर नावाचा अभ्यास. कमरेजवळच्या मोठ्या रोहिण्या अरुंद झालेले १११ रुग्ण त्यात होते आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला फक्त औषधे, दुसऱ्याला औषधांसह देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम, तिसऱ्याला औषधांसह स्टेंट. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा कमाल वेळ औषधांच्या गटात सरासरी १.२ मिनिटांनी वाढला, स्टेंटच्या गटात ३.७ मिनिटांनी आणि व्यायामाच्या गटात ५.८ मिनिटांनी. म्हणजे व्यायाम जिंकला. पण रुग्णांना प्रश्नावली देऊन रोजच्या जगण्याविषयी विचारले तेव्हा स्टेंटवाल्यांनी जास्त सुधारणा सांगितली. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. घड्याळ एक गोष्ट मोजत होते आणि प्रश्नावली दुसरी. व्यायामवाले दुखणे सोसत पुढे चालायला शिकले होते, स्टेंटवाल्यांचे दुखणेच कमी झाले होते, असे मला वाटते. रुग्णाला यांपैकी काय हवे आहे हे विचारल्याशिवाय उपचार ठरवू नये. आणि हेही विसरू नये की आठवड्यातून तीनदा, दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे असा किमान १२ आठवड्यांचा व्यायाम हा पूर्ण मानाचा उपचार आहे. ‘जरा फिरत जा’ असे दारातून सांगणे म्हणजे तो उपचार नव्हे.

प्रश्नावल्यांची गोष्ट थोडी वेगळी. चालण्याच्या अडचणींची अमेरिकन प्रश्नावली १९९० च्या सुमारास आली. पायाच्या रक्तप्रवाहाच्या रुग्णांसाठी लंडनमध्ये तयार झालेली २५ प्रश्नांची व्हॅस्क्यू-क्वॉल २००१ साली आली, आणि तिची सहा प्रश्नांची छोटी आवृत्ती २०१४ साली स्वीडनमध्ये तयार झाली. सहा प्रश्न ओपीडीच्या गर्दीतही विचारता येतात, म्हणून हे पुस्तक त्या आवृत्तीकडे झुकते. अमेरिकन प्रश्नावलीत मात्र ३०० फूट, ६०० फूट, १५०० फूट अशी अंतरे आहेत आणि तीन मजल्यांचे जिने आहेत. खुलताबादच्या माणसाला १५०० फूट विचारून उत्तर मिळत नाही. त्याला एसटी स्टँडपासून भद्रा मारुतीपर्यंत किती थांबे लागतात, गावाच्या जुन्या तटातल्या नगारखाना दरवाजापासून पांगरा दरवाजापर्यंत जाता येते का, वेरूळच्या बाजूने चढताना कुठे उभे राहावे लागते, हे विचारले की तो नेमके सांगतो. एकदा कुणीतरी मोजचाक घेऊन गावातली अशी दहा अंतरे मोजावीत आणि तक्ता ओपीडीच्या भिंतीवर लावावा. मग रुग्णाची भाषा आणि संशोधनाचे मीटर एकाच कागदावर येतील. चढाचा रस्ता तक्त्यात वेगळा दाखवावा, कारण या गावात सपाटी थोडी आहे.

मांडी घालून जेवायला बसता येते का, आल्याच्या वाफ्यात उकिडवे बसून निंदणी करता येते का, शौचाला बसल्यावर उठता येते का, हे परदेशी प्रश्नावल्यांत नाही. गुडघ्याजवळ स्टेंट किंवा बायपास असलेल्या माणसाला हे प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत. ते आपणच जोडले पाहिजेत.

स्त्रियांविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. चालताना पोटरी दुखते ही तक्रार घेऊन त्या कमी येतात. याचे एक कारण साधे आहे : दुखण्यापर्यंत पोचण्याइतके सलग चालणे त्यांच्या वाट्याला येत नाही, किंवा त्रास होतो म्हणून त्यांनी हळूहळू चालणेच कमी केलेले असते. देवळात जाणे सुटते, मग शेत सुटते, मग किराणा आणायला नातू जातो. विचारले तर ‘काही त्रास नाही’ असे उत्तर येते, आणि फाँतेनच्या पट्टीवर ती बाई पहिल्या पायरीवर जाऊन बसते. तिच्या घोट्याच्या दाबाचा भागाकार मात्र ०.५ असू शकतो. म्हणून ‘दुखते का’ याआधी ‘गेल्या वर्षी कुठे जात होतात आणि आता जात नाही’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर हाच तिच्या रोगाचा आलेख असतो.

जखम झालेल्या किंवा रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसणाऱ्या रुग्णांत मोजपट्टी बदलते. इथे मीटर गौण ठरतात. पाय राहिला का, जखम किती दिवसांत पूर्ण भरली, माणूस जिवंत आहे का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. २०१४ पासून जखम, रक्तप्रवाह आणि जंतुसंसर्ग या तिन्हींना शून्य ते तीन गुण देऊन पायाचा धोका ठरवण्याची पद्धत आली आहे आणि ती शिकायला सोपी आहे. पण इथेही परिणामाची व्याख्या निकाल फिरवते. बेस्ट-सीएलआय हा १,८३० रुग्णांचा अभ्यास २०२२ च्या नोव्हेंबरात आला. ज्यांच्या पायात बायपाससाठी चांगली शीर उपलब्ध होती, त्यांच्यात पायावरचे मोठे संकट किंवा मृत्यू हे बायपास गटात ४२.६ टक्के आणि फुगा-स्टेंटच्या गटात ५७.४ टक्के आढळले. जेमतेम सहा महिन्यांत, २०२३ च्या एप्रिलमध्ये, बेसिल-२ आला. गुडघ्याखालच्या वाहिन्यांवर उपचार लागणारे ३४५ रुग्ण त्यात होते. मोठे अवयव-छेदन किंवा मृत्यू हे बायपास गटात ६३ टक्के, फुगा-स्टेंट गटात ५३ टक्के. निकाल उलटा! रुग्ण वेगळे होते हे एक कारण. दुसरे असे की पहिल्या अभ्यासात पायावर पुन्हा करावी लागलेली मोठी शस्त्रक्रिया अपयशात मोजली होती, दुसऱ्याच्या मुख्य मोजणीत ती नव्हती. तिथला फरक प्रामुख्याने मृत्यूंचा होता. या दोन अभ्यासांवर पुस्तकात पूर्ण प्रकरण आहे आणि ते दोनदा वाचण्याच्या योग्यतेचे आहे.

मृत्यूची मोजणी का, असे कुणी विचारेल. कारण पायाची रोहिणी अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्याही बहुधा तशाच असतात. चालताना दुखणाऱ्या बहुतेकांचा पाय कधीच जात नाही. त्यांना गाठतो तो हृदयविकार किंवा पक्षाघात. म्हणून स्टॅटिन सुरू आहे का, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू आहे का, बीपी आणि साखर आटोक्यात आहे का, हेही पायाच्या उपचाराच्या परिणामातच मोजायचे.

आणि तंबाखू. आपल्या भागात अजूनही पस्तिशीतले तरुण काळी पडलेली बोटे घेऊन येतात, त्यांना मधुमेह नसतो, कोलेस्टेरॉल वाढलेले नसते, फक्त बिडी असते. १९०८ साली लिओ बर्जरने वर्णन केलेला हा विकार. यात मधल्या आणि बारीक वाहिन्या सुजून बंद होतात, त्यामुळे बायपास कुठे जोडायचा हाच प्रश्न पडतो. बिडी पूर्ण सुटली तर पाय बहुधा वाचतो. रोज दोन-तीन चालू राहिल्या तरी रोग पुढे सरकतो. अशा रुग्णाच्या केसपेपरवर घोट्याच्या दाबाइतकीच ठळक नोंद शेवटची बिडी कधी ओढली याची हवी. खिशातली पुडीही विचारावी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडातली तंबाखू गेलेली नाही.

सर्वांत कठीण भाग शेवटी. एक वर्षाने किती रुग्ण परत येतात? दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीतली तपासणी त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसते. काही जण संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, काही खासगीत, काही पुण्या-मुंबईला जातात. काहींचा पाय दुसरीकडे कापला जातो आणि पहिल्या डॉक्टरला ते कधीच कळत नाही. त्याच्या वहीत तो रुग्ण यशस्वीच राहतो. स्वीडनने १९८७ पासून रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही चालवली, आणि तिथल्या डॉक्टरांना आपापले निकाल इतरांशेजारी ठेवून पाहावे लागले. आपल्याला तेवढे मोठे काम लगेच जमणार नाही, पण एका तालुक्याचे जमेल. उपचाराच्या दिवशी दोन फोन नंबर घ्यावेत, एक घरचा आणि एक गावातल्या माणसाचा. तपासणीची तारीख कारखान्याचा हंगाम पाहून ठरवावी. जो आला नाही त्याच्या घरी आशाताईंनी जावे आणि पाय आहे का, जखम आहे का, माणूस आहे का, एवढे लिहून आणावे. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचा आकडा निकालाच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत द्यावा. त्यांना बरे झालेल्यांत मिसळू नये.

पाय गुडघ्याखाली कापला की गुडघ्यावर, याचीही नोंद करावी. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालण्याची शक्यता बरीच जास्त असते. कृत्रिम पाय मिळाला, पण वर्षाने तो माणूस घराबाहेर पडतो का, हे तपासणे आपल्याकडे कुणाच्याच कामात मोडत नाही. या पुस्तकाने ते काम शल्यचिकित्सकाच्या वाट्याला दिले आहे. काही सहकाऱ्यांना हे रुचणार नाही. मला ते योग्य वाटते.

पुस्तकाच्या अखेरीस एका पानाचा केसपेपर छापला आहे : दोन्ही पायांचे दाब, अंगठ्याचा दाब, सहा मिनिटांतले मीटर आणि थांबे, जखमेची लांबी-रुंदी, तंबाखू, औषधे, सहा प्रश्न, आणि ‘कुठे जाणे सुटले’ यासाठी मोकळी जागा. तो सुटा करून छायाप्रती काढता येतील असाच ठेवला आहे. घोट्याचा दाब घेण्याची रीत पहिल्याच प्रकरणात चित्रांसह दिली आहे. ज्यांच्याकडे डॉप्लर आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी, आणि पहिली नोंद उपचाराच्या आधीची असावी.